टाच, चवडा, घोटा: पायांच्या दुखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे पायदुखी म्हणजे घोट्यापासून खालची. गुडघा, मांडी किंवा कंबरेतून उतरणारी कळ यांची उत्तरं वेगळी आहेत, ती इथे शोधू नका.

दुखण्याचं कारण घरच्या घरी ओळखता येतं का?

अंदाज नक्की बांधता येतो. एका पावलात २६ हाडं, ३३ सांधे आणि शंभराहून जास्त स्नायू, स्नायुबंध नि अस्थिबंध असतात. त्यामुळे नुसतं "पाय दुखतो" म्हटल्यावर डॉक्टरही काही सांगू शकत नाहीत. पण एक बोट ठेवून "इथे" असं दाखवता आलं, की निम्मं काम झालं. टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला दुखत असेल तर एक कारण, टाचेच्या मागे असेल तर दुसरं, चवड्याखाली असेल तर तिसरं.

दुसरा धागा वेळेचा. सकाळी उठल्या उठल्या दुखून चालल्यावर मोकळं होतं, की दिवसभर वाढत जातं? रात्री झोपेतून उठवतं का? आणि तिसरा प्रश्न लोक सहसा स्वतःला विचारत नाहीत: गेल्या महिन्याभरात काय बदललं? नवे बूट, चालण्याचं अंतर अचानक दुप्पट, उभ्याचं काम, घर बदलल्यावर वाढलेले जिने, वाढलेलं वजन. दुखणं "आपोआप" सुरू झालं असं वाटतं तेव्हाही असं काहीतरी बहुधा सापडतं.

कोणत्या दुखण्यात घरगुती उपाय करत बसू नये?

पडल्यावर किंवा मुरगळल्यावर पाय टेकवताच येत नसेल, पाऊल वाकडं दिसत असेल, टाचेमागे "फट्" असा आवाज होऊन पायातलं बळ गेलं असेल, तर त्याच दिवशी दाखवा. पाय लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता असते, तिथेही थांबायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्यातच धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट तातडीच्या विभागात जा.

पाऊल अचानक गार, फिकट किंवा निळसर पडलं, तर रक्तपुरवठा थांबल्याची ती खूण असू शकते. तिथे तासांचा हिशेब असतो. आणि मधुमेह असेल तर पायावरची लहानशी जखमसुद्धा या यादीत धरा. त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाकवत नाहीत, टाचेत सुरी खुपसल्यासारखं होतं. मग जरा चाललं की बरं वाटतं. हे काय?

हे वर्णन जवळजवळ नेहमी प्लांटर फॅशिआयटिसचं असतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो, तो प्लांटर फॅशिआ. धनुष्याला दोरी असते तसा तो तळव्याच्या कमानीला ताणून धरतो. टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटतो तिथे वारंवार ताण बसून त्याच्या तंतूंची झीज होते. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून ती कळ. बराच वेळ बसून उठल्यावरही तेच होतं.

चाळिशी ते साठीत हे जास्त दिसतं. तासन्‌तास उभं राहण्याचं काम, वाढलेलं वजन, ताठ पोटऱ्या, पातळ तळाच्या चपला आणि अचानक वाढवलेलं पळणं ही नेहमीची कारणं. बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेशिवाय बरं होतं, पण त्याला वेळ लागतो: सहा महिने, कधी वर्षही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तीन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून लोक व्यायाम सोडतात आणि पुढच्या उपायाच्या मागे लागतात.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. ते काढावं लागेल का?

नाही. टाचेच्या हाडाला आलेला तो छोटा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतो. आणि टाच दुखणाऱ्या अनेकांना तो नसतोच. तो दुखण्याचं कारण क्वचितच असतो, बहुधा वर्षानुवर्षं बसलेल्या ताणाची ती खूण असते. दुखणं थांबल्यावर पुन्हा एक्स-रे काढला तरी काटा जिथल्या तिथे असतो. "हाड वाढलंय" हे ऐकून माणूस जितका घाबरतो तितकं त्यात काही नाही, आणि चालताना ते हाड मांसात रुततंय ही कल्पनाही चुकीची आहे.

टाचदुखीसाठी व्यायाम नेमके कोणते आणि कसे?

तीनच पुरेत, पण नीट.

पहिला अंथरुणातच, पाय जमिनीवर टेकवण्याआधी. दुखणारा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा घ्या. त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटं बुडाशी धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावरून फिरवून पाहा: मधोमध ताठ दोरी लागली पाहिजे. लागत नसेल तर ताण पुरेसा नाही. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा करायचं, पण सकाळचं चुकवायचं नाही.

दुसरा पोटरीचा. भिंतीला हात टेकून दुखणारा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि शरीर पुढे झुकवा. अर्धा मिनिट. मग तोच मागचा गुडघा किंचित वाकवून पुन्हा अर्धा मिनिट. गुडघा वाकवल्यावर पोटरीतला खोलवरचा स्नायू ताणला जातो, आणि नेमका तोच भाग बहुतेक जण गाळतात.

तिसरा ताकदीचा. दीर्घकाळ टिकणारा फरक यानेच पडतो असं माझं मत आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवा आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घाला, म्हणजे बोटं वर उचललेली राहतील. आधाराला कठडा धरा. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे वरच थांबा, तीन आकड्यांत खाली. घाई केली तर याचा उपयोग नाही. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमू लागलं की एका पायावर. बारा-बारा वेळा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून वजन वाढवायचं.

करताना थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या सकाळपर्यंत आधीच्या पातळीला येतं, ते नुकसान करत नाही. सकाळची कळ आदल्या दिवसापेक्षा वाढली तर मात्र फेऱ्या कमी करा.

बर्फ लावायचा की शेकायचं?

ताजी दुखापत, सूज, गरमपणा असेल तर बर्फ: कपड्यात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं, कातडीवर थेट नाही. आखडलेल्या स्नायूंना गरम शेक. टाचदुखीत गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवली की बरं वाटतं. हे दोन्ही दुखणं दबवणारे उपाय आहेत, दुरुस्ती करणारे नाहीत, त्यामुळे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याने बरं वाटतं ते करा. पायांना नीट संवेदना नसेल तर मात्र दोन्ही टाळा. पोळलेलं किंवा गारठलेलं कळतच नाही.

मग पूर्ण विश्रांती घेऊ का?

हाड मोडलं नसेल तर सहसा नको. स्नायुबंधांना बेताचा ताण मिळाला तरच ते भक्कम होतात. महिनाभर पाय वर करून बसलात तर दुखणं थांबतं आणि पहिल्या लांब फेरीनंतर परत येतं, कारण मधल्या काळात पाय आणखी कमजोर झालेला असतो. चालण्याचं अंतर निम्म्यावर आणा, पळणं थांबवून सायकल किंवा पोहणं सुरू करा, उभं राहण्याच्या कामात मध्ये मध्ये बसा. एवढं पुरतं.

चवडा दुखतो. बुटात खडा गेल्यासारखं वाटतं, पण बूट झटकला तर आत काहीच नसतं.

बोटांच्या मुळाशी, पावलाचा जो भाग चालताना शेवटी जमीन सोडतो तिथे, दोन वेगळी दुखणी होतात. एक म्हणजे तिथल्या हाडांच्या टोकांवर जास्त भार पडून येणारी ठसठस, मेटाटार्सल्जिया. उंच टाचांमुळे शरीराचं वजन पुढे ढकललं जातं, त्यामुळे ती वाढते. दुसरं म्हणजे मॉर्टन न्यूरोमा: दोन बोटांच्या मधून जाणाऱ्या नसेभोवतीचं आवरण जाड होतं, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये. यात खड्याची जाणीव, बोटांत वीज चमकल्यासारखी कळ किंवा बधिरपणा येतो. आणि एक खूण फार बोलकी असते: चालता चालता थांबून बूट काढावासा वाटतो, काढून बोटं चोळली की बरं वाटतं.

दोन्हींवर पहिला इलाज पुढे रुंद असलेला बूट. दुसरा, चवड्याची छोटी गादी, मेटाटार्सल पॅड. ती दुखऱ्या जागेखाली ठेवायची नाही, तिच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला ठेवायची, म्हणजे हाडांची टोकं उचलली जाऊन एकमेकांपासून सुटी होतात. अगदी खाली ठेवली तर दुखणं वाढतं आणि पॅडला दोष दिला जातो. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर तपासणी करून पुढचं ठरवावं.

रात्री झोपेत अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागला की चादरीचा स्पर्श सहन होईना. सांधा लाल झालाय.

हे गाउटचं चित्र आहे. रक्तातलं युरिक अॅसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठतात आणि शरीर त्यावर तुटून पडतं. पहिला झटका फार वेळा अंगठ्याच्याच सांध्यात येतो. पाणी कमी पिणं, मद्य, लघवी वाढवणारी काही औषधं, मूत्रपिंडाचा आजार यांनी त्याला वाट मिळते.

झटका चालू असताना केलेल्या तपासणीत युरिक अॅसिड चक्क नॉर्मल येऊ शकतं. त्यामुळे "रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे गाउट नाही" असं समजू नये. झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. उलट युरिक अॅसिड जास्त असलेल्या अनेकांना गाउट कधीच होत नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर गोळ्या सुरू करण्यातही शहाणपण नाही. झटक्याची औषधं वेगळी, युरिक अॅसिड उतरवणारी वेगळी, आणि दोन्ही डॉक्टरांनीच ठरवायची. सांधा पहिल्यांदाच असा लाल झाला असेल, विशेषतः ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना हे आधी पाहावं लागतं.

अंगठ्याशेजारी हाड बाहेर आलंय, अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलतोय. पट्टे लावून तो सरळ होईल?

प्रौढ माणसाचा होत नाही. रात्री लावायच्या पट्ट्यांनी थोडा आराम मिळेल, पण काढल्यावर अंगठा पुन्हा तसाच कलतो. अंगठ्याशेजारच्या या उंचवट्याला बनियन म्हणतात. घराण्यात असण्याचा त्यात मोठा वाटा आहे आणि टोकदार बूट ते वाढवतात. शस्त्रक्रिया दुखण्यासाठी असते, दिसण्यासाठी करू नये. त्यानंतर सूज जायला कित्येक महिने लागतात, हेही विचारात घ्या.

टाचेच्या मागच्या बाजूला दुखतं आणि जिना चढताना ओढ बसते.

पोटरीला टाचेशी जोडणारा अकिलीस टेंडन तिथे असतो. शरीरातला हा सगळ्यात जाड नि बळकट स्नायुबंध, तरी कुरकुर करणारा. पळणाऱ्यांत आणि बऱ्याच वर्षांनी एकदम खेळायला उतरणाऱ्यांत हे दुखणं जास्त. इथेही सावकाश टाचा वर-खाली करण्याचा व्यायामच मुख्य. फक्त दुखणं टेंडनच्या मध्यावर, म्हणजे टाचेपासून तीन-चार बोटं वर असेल, तर टाच पायरीच्या पातळीखाली उतरवायची. टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे असेल, तर सपाट जमिनीवरच करायचा. तिथे टाच खाली उतरवल्याने टेंडन हाडावर दाबला जातो.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लीव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं घेत असताना किंवा घेतल्यानंतर हे दुखणं सुरू झालं, तर डॉक्टरांना लगेच सांगा. या औषधांनी टेंडन तुटण्याचा धोका वाढतो. साठीपुढच्या आणि सोबत स्टिरॉइड घेणाऱ्या लोकांत तो जास्त असतो. टेंडन तुटतो तेव्हा मागून कुणी लाथ मारल्याचा भास होतो, माणूस वळून बघतो तर मागे कुणी नसतं. पालथं झोपून पोटरी दाबली आणि पाऊल हललं नाही, तर तो तुटला असण्याची दाट शक्यता.

पाय मुरगळला. एक्स-रे काढायलाच हवा का?

दरवेळी नाही. त्यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे असतात. त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर हाडच दुखत असेल, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं हाड किंवा आतल्या बाजूचं नेव्हिक्युलर हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा मुरगळल्या क्षणी आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. यातलं काहीच नसेल तर मोडण्याची शक्यता फारच कमी. नुसती सूज किंवा काळंनिळं पडणं हे मोडल्याचं लक्षण नव्हे. लहान मुलं, नशेत असलेली माणसं आणि पायाला संवेदना नसलेली माणसं यांना हे नियम आंधळेपणाने लावू नयेत.

पहिले दोन दिवस क्रेप बँडेज, पाय उंच, गरज वाटली तर बर्फ. विश्रांती, बर्फ, पट्टीचा दाब आणि पाय उंच ठेवणं यांचा "राइस" (इंग्रजी आद्याक्षरांवरून) हा फॉर्म्युला १९७८ मध्ये मांडणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच नंतर आपलं मत बदललं: बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. तेव्हा दोन-तीन दिवसांनी पाऊल हलवायला लागा. मग रोज दात घासताना एका पायावर उभं राहा. हे बिनखर्चाचं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि मग तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. अस्थिबंध ताणला गेला की पायाची स्थिती मेंदूला कळवणारी यंत्रणाही मंदावते, तोल साधण्याच्या सरावाने ती परत तयार होते.

पडलो नाही, मुरगळला नाही, तरी पावलाच्या वरच्या भागात एका ठिकाणी दुखतं. एक्स-रे स्वच्छ आहे.

स्ट्रेस फ्रॅक्चरचा विचार करा. लांब पल्ल्याचं पळणं, कवायत, किंवा चालणं अचानक वाढवणं यांनी हाडाला केसाएवढी भेग पडते, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटाच्या लांब हाडाला. बोटाने दाबलं तर अगदी एकच ठिकाण दुखतं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत ती दिसत नाही, भरून यायला लागल्यावर दिसते. एमआरआयमध्ये आधी कळते. व्यायाम करून दुखणं घालवायचा हट्ट इथे महागात पडतो. ज्या स्त्रियांची पाळी अनियमित झाली आहे आणि खाणं कमी पडतंय, त्यांना हाडांच्या या दुखण्याचा धोका जास्त असतो.

माझे तळवे सपाट आहेत. म्हणून दुखतं का?

बहुधा नाही. असंख्य लोक सपाट पायांनी आयुष्यभर काही तक्रार न करता चालतात. लहान मुलांचे तळवे तर सपाटच असतात, कमान हळूहळू पहिल्या सात-आठ वर्षांत दिसू लागते. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल तर तो लवचिक सपाट पाय, आणि दुखत नसेल तर त्याला काही करायचं नसतं.

पण चाळिशी-पन्नाशीनंतर एकाच पायाची कमान खचायला लागली, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखू लागलं आणि त्या एका पायावर टाच उचलता येत नसेल, तर कमान तोलणारा टेंडन कमजोर झालेला असतो. हे लवकर दाखवलं तर आधार नि व्यायामावर निभावतं, उशीर झाला तर पाऊल वाकडंच राहू शकतं.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाची टाच खेळून आल्यावर दुखते.

साधारण आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग अजून पूर्ण जुळलेला नसतो, आणि अकिलीस टेंडन त्यावर ओढ देतो. त्याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. नाव भीतिदायक, प्रकरण साधं. टाचेच्या दोन्ही बाजूंनी दाबलं की मूल कळवळतं. खेळ कमी करा, बंद करायची गरज क्वचितच असते. बुटात टाचेखाली मऊ गादी, पोटरी ताणण्याचे व्यायाम, आणि हाड जुळलं की दुखणं कायमचं जातं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा सतत लंगडणं असेल तर मात्र "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून देऊ नका.

रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात.

दोन्ही पायांना सारखंच होत असेल तर नसांकडे बघावं लागतं. मधुमेह, बी-१२ ची कमतरता, मद्य, थायरॉइड मंदावणं, काही औषधं ही कारणं पाहतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ उतरू शकतं, म्हणून ते तपासून घ्यावं. एकाच तळव्याला असेल तर घोट्याच्या आतल्या बाजूला नस दाबली गेली असू शकते. बोटांच्या बेचक्यात खाज आणि सोललेली कातडी असेल तर ती बुरशी, तिला नसांची गोळी देऊन काय होणार.

पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवल्यावर बरं वाटणारं रात्रीचं दुखणं वेगळं आणि गंभीर. ते रक्तपुरवठा कमी पडल्याचं लक्षण आहे, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत.

मधुमेह असेल तर वेगळं काय करायचं?

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. मधुमेहात संवेदना गेल्यावर बुटातला खिळा दिवसभर टोचत राहतो आणि माणसाला पत्ता नसतो. रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. बूट घालण्याआधी हात आत घालून चाचपा. पाण्याचा गरमपणा पायाने नको, कोपराने बघा. घरातही अनवाणी चालू नका. कुरूप घालवणाऱ्या औषधी पट्ट्या वापरू नका, त्यातल्या अॅसिडने जखम होते. वर्षातून एकदा तरी दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तारेने, संवेदना तपासून घ्या.

पाऊल सुजलं, लाल नि गरम झालं, पण दुखणं त्या मानाने किरकोळ, असं झालं तर ते शार्को फूट असू शकतं. त्यात हाडं आतल्या आत खचतात. त्या पायावर वजन टाकू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

बूट घेताना काय पाहायचं?

संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. दोन्ही पायांचं माप घ्या आणि मोठ्या पायाला बसेल तो जोड निवडा. कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा, बूट त्यावर ठेवा: रेषा बाहेर डोकावत असेल तर तो बूट तुमचा नाही. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, आणि लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही. बूट वाकवून पाहा, तो बोटांच्या रेषेत वाकावा, मधोमध दुमडता कामा नये. टाचेभोवतीचा भाग दाबल्यावर चेपू नये. "वापरून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका.

टाच दुखत असेल तर अगदी सपाट चपलेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंची बरी पडते. पळण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर आतून बसलेले असतात, वरून नवे दिसले तरी.

महागडे इनसोल घ्यावेत का?

आधी तयार मिळणारे साधे घ्या. टाचदुखीत मापाने बनवलेले इनसोल तयार इनसोलपेक्षा फार सरस ठरलेले नाहीत. सहा आठवडे वापरून ठरवा.

कुरूप, घट्टे, रुतलेलं नख यांचं काय?

कुरूप आणि घट्टा म्हणजे दाबाला कातडीने दिलेलं उत्तर. दाब तसाच ठेवून ते कितीही खरवडलं तरी परत येणार. कोमट पाण्यात पाय भिजवून वज्रीने हळू घासा, युरिया असलेलं मलम लावा आणि बूट बदला. ब्लेडला हात लावू नका. टाचांच्या भेगांनाही तेच मलम, झोपताना वर मोजे. नख सरळ आडवं कापा, कोपरे गोल करत खोल जाऊ नका. पू झाला असेल तर डॉक्टर.

वेदनाशामक गोळी रोज घेतली तर?

चार-पाच दिवस ठीक. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक गटातल्या गोळ्या मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं आणि गरोदरपण यांत स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. घोटा मुरगळल्यावर डायक्लोफिनॅकचं जेल चांगलं काम करतं आणि पोटाला त्रास कमी. पण गोळी घेऊन दुखणं दबवायचं आणि तेवढंच पळत राहायचं, हा सगळ्यात वाईट मार्ग.

टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का?

काही आठवडे आराम नक्की मिळतो, वर्षाने पाहिलं तर न घेतलेल्यांच्या आणि यांच्या स्थितीत फारसा फरक उरत नाही. पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते आणि पट्टा तुटूही शकतो. ती गादी परत येत नाही. पाय टेकवणंच अशक्य असेल, व्यायाम सुरू करण्यापुरती उसंत हवी असेल, तर एखादं घेण्यात वावगं नाही. अकिलीस टेंडनमध्ये मात्र नकोच.

तरुण वय आहे, दोन्ही टाचा महिनोन्‌महिने दुखतात, काहीच लागू पडत नाही.

सकाळी कंबर अर्धा तासाहून जास्त ताठ राहते का, डोळा कधी लाल होऊन दुखला का, सोरायसिस आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्पाँडिलायटिस गटातल्या संधिवाताची सुरुवात टाचेपासून होऊ शकते, आणि त्यासाठी संधिवाततज्ज्ञ लागतो.

गरोदरपणात पाय दुखतात, चप्पल लहान होते.

वजन वाढतं, अस्थिबंध सैल होतात, पाय सुजतात आणि पाऊल खरोखर लांब होऊ शकतं, कधी कायमचं. मोठ्या मापाची चप्पल घ्या, डाव्या कुशीवर आडवं व्हा. चेहरा-हात एकदम सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकू लागलं, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो, लगेच दवाखान्यात जा.

डॉक्टरांकडे जाताना काय तयारी करावी?

रोज वापरता तेच जुने बूट-चपला न्या, नवे घालून जाऊ नका. तळ कुठे झिजलाय आणि आतल्या गादीवर कुठे खड्डा पडलाय हे पाहून भार कसा पडतो ते कळतं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, महिन्याभरापूर्वीचं प्रतिजैविकसुद्धा त्यात लिहा. दुखण्याची जागा सकाळीच पेनने खूण करून ठेवा, कारण तपासणीच्या वेळी नेमकं दुखेनासं होतं.

हाड, टेंडन, सांध्याच्या तक्रारींसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, व्यायाम नीट शिकण्यासाठी फिजिओथेरपिस्ट. फिजिओसमोर व्यायाम एकदा करून दाखवा आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून घ्या. घरी तिसऱ्या दिवशी गुडघा सरळ ठेवायचा होता की वाकवायचा, हे कुणालाच आठवत नाही.